धुरावांचून अग्नि

पर्वतावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा. धूरच दिसला नाहीं तर? तरीही अग्नीचें रसभरित वर्णन करणारे पंडित वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत असतात, हें अमेरिकेंतील निबंधकार ए. जे. लीबलिंग यांनीं दाखवून दिलें.

१९५३ च्या मार्चमध्यें स्टालिन आजारी पडला व ता. ५ रोजीं वारला. मॉस्कोहून आलेली वार्ता त्रोटक. पण न्यूयॉर्कच्या पत्रांनीं तिच्यावर रकानेच्या रकाने भरले. लीबलिंग यांनीं तीं पत्रें शेजारीं शेजारीं मांडून वाचलीं आणि त्यांतील तर्कांची परस्परांशीं झुंज लावून दिली. पाहून लिहिणारा, पाहून अर्थ लावणारा, आणि मुळींच न पाहतां अर्थ सांगणारा, या तिघांत तिसऱ्याचाच मान मोठा, हें त्यांचें शल्य होतें. तें बोलून दाखविण्याचा अधिकारही त्यांस होता. १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलें, तेव्हां ते स्वतः एका नौकेवर होते.

त्यांचा जन्म १९०४ चा, न्यूयॉर्कचा. प्रार्थनेस गैरहजर राहिल्याबद्दल डार्टमथ कॉलेजानें त्यांस काढून टाकलें. (आम्हां मास्तरांस असल्या मुलांचा राग येतो खरा, पण पुढें त्यांतलेच कांहीं आमचें नांव राखतात!) 'वर्ल्ड' पत्रांत नोकरी मिळावी म्हणून त्यांनीं एक माणूस भाड्यानें ठेवला आणि 'जो लीबलिंग यास कामावर घ्या' अशी पाटी देऊन त्यास कचेरीपुढें फिरविलें. संपादक दुसऱ्याच दारानें ये-जा करीत, त्यामुळें पाटी त्यांच्या दृष्टीस पडली नाहीं, असें लीबलिंग सांगत.

१९३१ मध्यें पुलित्झरच्या मुलांनीं तें पत्र विकून टाकलें व तें 'टेलिग्राम'मध्यें विलीन झालें. हा घाव लीबलिंग कधींच विसरले नाहींत. १९३५ पासून ते 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत होते. तेथें १९४५ पासून त्यांनीं वृत्तपत्रपरीक्षणाचें सदर चालविलें. त्यांत हीच तक्रार पुनःपुन्हां येते. मुद्रणस्वातंत्र्य कायद्यानें सर्वांचें, परंतु तें भोगावयाचें पत्राच्या मालकानें. आणि गांवांत एकच पत्र उरलें, कीं वाचकानें ताडून पाहावें तरी कशाशीं?

लीबलिंग २८ डिसेंबर १९६३ रोजीं वारले. 'वर्ल्ड'चें नांव पुढें चालविणारें तें जोडपत्र १९६६ मध्यें आणखी दोन पत्रांत मिसळलें, आणि पुढल्याच वर्षीं तींही तिन्ही एकदमच बंद पडलीं.