वकिलाची चूक आणि अशिलाचा हक्क

एका न वटलेल्या २०,००० रुपयांच्या धनादेशावरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि देशातील सर्व अशिलांसाठी महत्त्वाचा ठरला. दिल्लीच्या डी. के. गांधी यांनी त्या धनादेशाच्या खटल्यासाठी वकील नेमला होता. प्रतिपक्षाने देऊ केलेली मूळ रक्कम व ५,००० रुपये खर्च वकिलाने आपल्या हाती सुपूर्द केला नाही, अशी त्यांची तक्रार होती. वकिलाची सेवाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये ठरविले. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊन वागू शकत नाही. त्याच्या कामावर अशिलाचे नियंत्रण असते. म्हणून ही 'वैयक्तिक सेवा' असून सेवेतील त्रुटीची दाद ग्राहक आयोगाकडे मागता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

यावरून वकील कायद्यापासून मुक्त झाला, असा समज अनेक पेढ्यांवर पसरला. तो खरा नाही. वकिलांना गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरताच येणार नाही असा याचा अर्थ नव्हे, हे त्याच निकालात नमूद आहे. १९२६ च्या विधि व्यावसायिक शुल्क अधिनियमाचे पाचवे कलम तर स्पष्टच सांगते की, केवळ वकील आहे एवढ्या कारणाने कोणालाही निष्काळजीपणाच्या दाव्यापासून सूट मिळत नाही.

अशिलापुढे मार्ग दोन आहेत आणि त्यांची फळे वेगळी आहेत. नुकसानभरपाई हवी असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. त्याची मुदत साधारणतः ३ वर्षांची असते. वकिलाच्या वर्तनाला शासन व्हावे अशी इच्छा असेल, तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील कलम ३५ अन्वये राज्य वकील परिषदेकडे तक्रार करता येते. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा वकील परिषद होय. परिषद समज देऊ शकते, काही काळ वकिली थांबवू शकते, नोंदवहीतून नावही काढू शकते. बुडालेले पैसे मिळवून देणे मात्र तिचे मुख्य काम नाही. अशिलाचे पैसे लबाडीने गिळंकृत केले असतील, तर फौजदारी तक्रारीचाही मार्ग खुला आहे.

दिवाणी दावा सोपा नसतो. खटला हरला म्हणजे वकील चुकला, असे होत नाही. प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला, तरी तो निष्काळजीपणा नव्हे. वकिलाने सावधपणाचे कर्तव्य मोडले आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे दाखवावे लागते. धनादेशाच्या प्रकरणात हे चटकन कळते. धनादेश परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर पैसे देण्यास १५ दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावयाची असते. कागद हाती असूनही वकिलाने नोटिशीचीच मुदत चुकविली, तर दोष दिसतो. तरीही मूळ येणे खरे होते आणि ते वसूल झाले असते, हे अशिलालाच सिद्ध करावे लागते. म्हणजे एका दाव्याच्या पोटात दुसरा दावा लढावा लागतो.

येथेच व्यापारी कुटुंबांची उणीव उघडी पडते. ज्या घरात पैशापैशाची रोजमेळात नोंद होते, त्याच घरात वकीलसाहेबांना दिलेल्या रकमेची पावती नसते. वडिलांच्या काळापासूनचा ऋणानुबंध, मग पावती मागायची कशी, असा संकोच असतो. पण नोंद ठेवणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. घाऊक बाजारात सख्ख्या भावाचा मालही वजन करूनच घेतला जातो आणि त्याने नाते तुटत नाही.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. मूळ कागद देताना यादीवर पोच घ्यावी आणि प्रती घरी ठेवाव्यात. फी धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. महत्त्वाच्या सूचना लेखी द्याव्यात. तडजोडीस संमती असेल तर तीही लेखीच असावी. पुढील तारीख ई-कोर्ट्स संकेतस्थळावर स्वतः पाहावी. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

वकील बदलण्याची वेळ आली आणि फी बाकी आहे म्हणून जुने वकील कागद अडवू लागले, तर घाबरू नये. फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरविले आहे. बाकी फी वकिलाने रीतसर वसूल करावी आणि अशिलानेही ती प्रामाणिकपणे चुकती करावी.

बहुसंख्य वकील निष्ठेने काम करतात. म्हणूनच तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. नीट नोंद ठेवली, तर निष्ठावान वकिलाचे काही बिघडत नाही. ज्याचा हलगर्जीपणा दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईवर बेततो, त्याला जाब विचारण्याचे बळ मात्र त्या नोंदीतूनच मिळते.