गॅस संपत नाही, गळतो

आईच्या खोलीतला एसी २०१० सालचा. बँकेच्या वेतनकराराची थकबाकी हाती आली, त्यातून घेतलेला. आईने तेव्हा बरेच आढेवेढे घेतले होते. गुलमंडीच्या वाड्यात वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून जिने उन्हाळे काढले, तिला बंद खोलीत झोपणे म्हणजे शिक्षाच. आता ती नव्वदीला टेकली आहे. मे महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळीस ओलांडतो आणि डॉक्टर बजावतात, खोली थंड ठेवा. कूलर आहे, पण त्याला पाणी लागते. जायकवाडी उशाशी असूनही दिवस मोजून पाणी भरण्याची सवय झालेल्या गावात ते कूलरला पाजायचे की पिंपात साठवायचे, हा प्रश्न कोणत्या घरात पडला नसेल?

तर मागच्या उन्हाळ्यात हा एसी नुसताच वारा फेकू लागला. मेकॅनिक आला, हात लावून म्हणाला, "काका, गॅस संपला." भरून दिला, पैसे घेतले. दीड महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्याने म्हटले, "हा जुना गॅस आता महाग झालाय, मिळतही नाही नीट. त्याच्याऐवजी दुसरा टाकतो, स्वस्तात होईल." कोणता, हे त्याने सांगितले नाही. पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे असेल, जे सांगितले जात नाही तिथे माझा पेन अडतो.

मग बाहेरच्या युनिटवरची पट्टी चष्मा लावून वाचली. आर-२२. या गॅसमध्ये क्लोरीन असते आणि ते वर जाऊन ओझोनच्या थराला खाते. क्लोरीनयुक्त वायूंचा हा धोका मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच सांगितला होता. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड जगापुढे आले, १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. त्या दशकात आमच्या शाखेत पहिला संगणक आला. त्याच्यासाठी काचेची खोली आणि एसी. संगणकाला गारवा, आम्हाला पंखा! चपला बाहेर काढून आत जावे लागे. गाभाऱ्यातल्या त्या गारव्याला मुदत ठरली आहे, हे आमच्या गावीही नव्हते.

ती मुदत आता आली आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ भरलेली नवी यंत्रे बनवायला बंदी आहे. करारानुसार विकसनशील देशांनी या जातीच्या वायूंचा वापर २०२५ पर्यंत दोन तृतीयांशाने कमी करायचा, २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी चिमूटभर साठा २०४० पर्यंत ठेवायचा आहे. म्हणजे घरातला जुना एसी चालवणे हा गुन्हा नाही. फक्त त्याचे औषध दिवसेंदिवस दुर्मिळ होणार.

आता गृहस्थाने करायचे काय? पहिली गोष्ट, "गॅस संपला" हे वाक्य खरे मानायचे नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे. ती जागा न शोधता भरणे म्हणजे फुटक्या पिंपात टँकर रिकामा करणे. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधा, सांधा, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्या निर्वात करा आणि नंतर भरा. हे करायला निम्मा दिवस जातो. तो द्यायला तयार असलेला माणूस शोधावा आणि त्याला चार पैसे जास्त द्यावेत. सांधा बाहेरच्या नळीचा असेल आणि कॉम्प्रेसर धडधाकट असेल, तर जुना एसी खुशाल चालवावा. सुस्थितीतले यंत्र केवळ गॅस जुना म्हणून भंगारात काढणे मला तरी पटत नाही.

राहिला तो "दुसरा गॅस". आर-४१० किंवा आर-३२ जुन्या यंत्रात चालत नाहीत. त्यांचा दाब दीडपटीहून अधिक आणि तेलही वेगळे. ४०७ सारखे काही पर्याय तेल बदलून चालवता येतात, पण गारवा थोडा उतरतो. सर्वांत घातक म्हणजे गुपचूप भरलेला प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. त्याच्यासाठीच घडवलेल्या यंत्रात तो उत्तम, पर्यावरणालाही सौम्य. ज्या यंत्राच्या विजेच्या जोडण्या त्याचा विचार करून केलेल्या नाहीत त्यात तो भरणे म्हणजे आईच्या उशाशी सिलिंडर ठेवणे. बिलावर गॅसचे नाव लिहून मागा. न लिहिणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आमच्या एसीची गळती निघाली आतल्या कॉइलला, एक नव्हे, तीन ठिकाणी. सांधण्यात अर्थ नव्हता. आर-३२ चा नवा घेतला. हा वायू ओझोनला धक्का लावत नाही आणि पृथ्वी तापवण्यात आर-२२ च्या सुमारे तिसऱ्या हिश्शाचा. तोही कायमचा नव्हेच. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार या पिढीलाही भारतात २०३२ पासून उतरती कळा लागायची आहे. तोवर माझे काम भागेल.

खरी पंचाईत जुन्याची झाली. बसवायला आलेल्या मुलाने नळी सोडवायला पाना लावला. म्हटले, थांब, आतला गॅस? "सोडून देतो ना काका, हवेत." किलोभर आर-२२ हवेत सोडणे म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे. इतके माझ्या स्कूटरने आयुष्यात प्यायले नसेल. मुलगा चांगला होता. उरलेला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून झडपा बंद करण्याची युक्ती त्याला येत होती. घर बदलताना ते तसे करतातच. पाच मिनिटांचे काम. पण पुढे? गॅस काढून घ्यायचे यंत्र त्याच्याकडे नव्हते. भंगारवाला तांब्यासाठी पहिल्या घावात नळी कापणार. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग एक्स्चेंजमध्ये जुना एसी उचलून नेणाऱ्याने आतल्या गॅसचे काय केले याची पावती गिऱ्हाइकाला द्यायला हवी. मी दुकानात मागितली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने शेजारच्याकडे पाहिले. माझ्या बँकेत तारण परत करताना आम्ही सही घेत असू; इथे आकाशाचे तारण आहे आणि रजिस्टरच नाही. घराघरांत मुलांना उन्हात गच्चीवर चढवून गॅस भरून घेणाऱ्या आपण गिऱ्हाइकांनीही ही पावती मागायला सुरुवात केली पाहिजे, नाहीतर करार मॉन्ट्रियलमध्ये आणि फुस्स सिडकोत, असे होणार.

तूर्त ते जुने युनिट, झडपा घट्ट बंद करून, आमच्या जिन्याखाली पडून आहे. एक्स्चेंजचे पैसे सोडले म्हणून बायको नाराज आहे. आई मात्र रोज सकाळी फुले आणायला जाताना त्याच्यावर परडी टेकवते.