निपाणीचा अपुरा जमाखर्च

शहर कशाने वाढते, असे विचारले तर आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी भांडवल, पेठ आणि दळणवळण ही तीन कारणे सांगून मोकळे होतो. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. आपली निपाणीच पाहा.

पेशवाईच्या अखेरीस हे गाव आप्पा देसाई निपाणकरांच्या नावाने ओळखले जाई. पुढे विडीच्या तंबाखूची पेठ म्हणून त्याचा लौकिक झाला. गावात रेल्वे नाही. पुणे-बेंगळूर रस्त्यावरच व्यापार वाढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य बदलले, वखारी मात्र जागच्या जागी राहिल्या. सीमाप्रश्न खरा आहे व त्यावर आपण पुष्कळ बोलतो. पण वखारीत धुरळा खात तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांविषयी किती बोलतो? प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' गटाने १९८२ साली माहितीपटही काढला. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली. पडलेल्या भावाने मराठी शेतकरी आणि कानडी शेतकरी असा भेद केला नव्हता.

कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील विनिपेग शहरही असेच प्रामुख्याने एका पिकाच्या, गव्हाच्या, व्यापारावर वाढले. १८७३ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला, मग रेल्वे आली व वस्ती झपाट्याने फुगली. १९१९ साली तेथील सुमारे ३० हजार कामगारांनी संप केला, तेव्हा शहर कोणाच्या हातांवर चालते ते सर्वांना कळले. आज तो संप त्या शहराच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रकरण मानला जातो.

आपल्याकडे असे प्रकरण कोण लिहिणार? शिवारात आता ऊस आणि सोयाबीन दिसतो. त्या वेळी वखारीत राबलेल्या बायका म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही जाईल, आणि मागे उरतील त्या फक्त व्यापाऱ्यांच्या वह्या.

म्हणून माझी सूचना अशी: पुढील अंकासाठी मराठी व कन्नड विभागांनी मिळून या बायकांच्या व शेतकऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ज्याची जी भाषा, त्या भाषेत. ज्या जमाखर्चात मजुरीचा रकाना कोराच आहे, तो कोणताही प्राध्यापक पास करणार नाही. मग गावाचा इतिहास तरी तसा का चालवून घ्यावा?