गाणे पाठ, अर्थ सपाट

दिवाळीच्या फराळात एखादी तिखट शेवही असावी लागते, म्हणून वाचकहो, मी एक भांडण घेऊन आले आहे. भांडण इंग्रजीशी नाही. २००० साली महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मराठी बुडाली म्हणून पुष्कळांनी कंठशोष केला. त्या कंठशोषात मी नाही. कापूस विकून पोराची फी भरणाऱ्या बापाला ‘इंग्रजी नको’ असे सांगण्याचा अधिकार निदान ज्यांची नातवंडे विलायतेत आहेत त्यांना तरी नाही. भांडण नाताळाशीही नाही. माझे भांडण आहे त्या बापाला विकल्या जाणाऱ्या देखाव्याशी.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ‘कॉन्व्हेंटां’त स्नेहसंमेलनाची धांदल उडते. (गळ्यात टाय असला की आमच्याकडे कोणतीही शाळा कॉन्व्हेंट होते, जोगीण औषधालाही लागत नाही.) चारपाच वर्षांची बाळे, डोक्यावर लाल टोप्या, हनुवटीला कापसाच्या दाढ्या. त्या सगळ्या थाटात आमचा म्हणावा असा तो कापूस तेवढा! यंत्रावर ‘जिंगल बेल्स’ लागते, बाळे ओठ हलवतात, आया मोबाईलवर चित्रे घेतात आणि बाप शेजाऱ्याला सांगतो, “पोरगं फाडफाड इंग्रजी बोलतं!” दुसऱ्या दिवशी त्याच पोराचे वर्गात पोट दुखते. मराठीत सांगायची बंदी आणि इंग्रजीत सांगायला शब्द नाही. ते आपले मुकाट्याने रडत बसते. मी ही रडणारी पोरे पाहिली आहेत, आणि म्हणून माझा आवाज चढतो.

बरे, हे गाणे आहे तरी काय? जेम्स लॉर्ड पीअरपाँट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ते १८५७ साली छापले. त्यात नाताळाचे नाव नाही, येशूचे नाही, त्या दाढीवाल्या आजोबांचेही नाही. बर्फावरून घसरणारी एका घोड्याची बिनचाकी गाडी आहे, तरुणाशेजारी एक मुलगी बसली आहे, घोडे बिचारे रोडके आहे, आणि शेवटी सारे लटांबर बर्फाच्या ढिगात उलटते. ही हकीगत मोताळ्याच्या पोराला कुणी सांगितली तर ते पोट धरधरून हसेल. बैलगाडी उलटलेली त्याने पाहिलेली असते. पण सांगतो कोण? बुलढाणा गाव घाटावरचे, थंड हवेचे म्हणून आम्ही मिरवतो खरे. तरी आमच्या जिल्ह्यात बर्फ भेटायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर! तेव्हा ‘स्नो’ म्हणजे काय, ‘स्ले’ म्हणजे काय, हे शिकवावेच लागेल. ते न शिकवता म्हणून घेतलेल्या गाण्याला आमच्या म्हाताऱ्या पोपटपंची म्हणत. वर्षअखेरीला ‘ऑल्ड लँग साइन’ घेणारे तर धन्यच. रॉबर्ट बर्न्सने घडवलेले ते गाणे स्कॉटलंडच्या बोलीतले; त्याचा अर्थ खुद्द इंग्रजांनाही विचारून घ्यावा लागतो.

“मग गाण्याने भाषा येत नाही म्हणता?” येते हो! आम्ही मुली मराठी शिकलो ती भुलाबाईपुढेच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्तींपुढे घरोघर गाणी व्हायची. कारल्याच्या वेलाचे गाणे आठवून पाहा. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी बी पेर. बी पेरले, तर कोंब येऊ दे. कोंब आला, तर फूल, मग कारले, मग भाजी. प्रत्येक कडव्यात वाक्य तेच, बदलतो एखादाच शब्द. व्याकरणाचा याहून चांगला धडा कोणत्या पंडिताने रचला आहे? आणि आम्हांला ते कळत होते. सासूचा कावा कळत होता, सुनेचा हिरमोड कळत होता. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. शेंगदाण्याच्या चटणीपासून लाडवापर्यंत शंभर शब्द त्या खेळात जिभेवर यायचे.

आता गंमत पाहा. नाताळाच्या शुभेच्छा देणारे एक इंग्रजी गाणे सर्वांच्या तोंडी आहे. त्यातली मंडळी शुभेच्छा देतात आणि लगेच अंजिराचे पुडिंग मागतात. ते मिळाल्याशिवाय दारातून हलणार नाही म्हणतात. खिरापतच की ही! एवढे सांगितले की ते गाणे आमच्या मुलींना परके राहत नाही. ‘नाताळाचे बारा दिवस’ हे दुसरे गाणे लंडनमध्ये १७८० च्या सुमारास स्मरणशक्तीचा खेळ म्हणून छापले गेले. रोज एक नवी भेट, आणि मागच्या साऱ्या भेटी पुन्हा मोजायच्या. पहिल्यापासून बाराव्यापर्यंतचे क्रमवाचक शब्द त्यात आपोआप बसतात. कारल्याच्या वेलाची ही सख्खी चुलतबहीण!

परभाषा कशी शिकावी, हे एका इंग्रजानेच आपल्याला दाखवले आहे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी आपली भाषा नुसती पाठ केली नाही. आपली ओवी उचलली आणि तिच्यात येशूचे चरित्र गायिले. ते क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. पुढे रेव्हरंड टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसांच्या हाती अभंग दिला. ज्यांचा नाताळ खरोखरीचा, ते तो मराठीतही गातात. आणि ज्यांचा नाही, ती आमची बाळे इंग्रजीत ओठ हलवतात.

“मॅट्रिक झालेल्या बाईने इंग्रजी शिकवण्याच्या गोष्टी कराव्यात!” असे कुणी म्हणेलच. म्हणोत बापडे. माझे उच्चार साहेबाचे नाहीत. पण वर्गात अर्थ सांगितल्यावाचून मी पुढची ओळ घेत नाही, आणि गाणे पाठ झाले की ते पोरांना मोडायला देते. त्या बारा दिवसांच्या गाण्याची आमच्या चौथीने चालवलेली मोडतोड अशी: इंग्रजीतच, पण पहिल्या दिवशी तुरीची शेंग, दुसऱ्या दिवशी दोन बोरे, तिसऱ्या दिवशी तीन शेळ्या. पाचव्या दिवसापर्यंत सारे सुरळीत झाले. सहाव्याला एका पोरीने सहा मावश्या आणल्या. मावशी ही भेट होऊ शकते का, यावर वर्गात तुंबळ वाद झाला, आणि वाद इंग्रजीत घालायचा असे ठरल्यामुळे तो अजून मिटलेला नाही.