अद्भुताचा उंबरठा : पहिल्या प्रकरणाविषयी एक हरकत

आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या अद्भुतरम्य कादंबरीचे पहिले प्रकरण कसे असावे, याविषयी एक नवे शास्त्र रूढ होऊ पाहत आहे. वाचक एका स्पर्शासरशी निघून जातो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात युद्ध, वध अथवा शापवाणी हवी. त्या जगाची ओळख मागाहून करून देता येईल, असा त्याचा मथितार्थ. लेखनाच्या कार्यशाळेतून हा उपदेश होतो, इथपर्यंत ठीक. परंतु समीक्षाही 'पकड' हाच निकष मानू लागते, तेव्हा हरकत घेणे भाग पडते.

या मताच्या मुळाशी कुतूहल आणि विस्मय यांची गल्लत आहे. पुढे काय होणार, हे कुतूहल कोणतीही रहस्यकथा जागवते. विस्मयाला मात्र नियमांची पार्श्वभूमी लागते. एखाद्या जगात काय शक्य आहे आणि त्याची किंमत कोणती, हे ठाऊक नसलेल्या वाचकास तेथील चमत्कार ही केवळ एक घटना वाटते. टॉल्किनने परीकथेवरील १९३९ च्या व्याख्यानात दुय्यम जगाच्या आंतरिक सुसंगतीवर भर दिला, तो याचसाठी.

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीचे पहिले प्रकरण पाहावे. त्यात कार्गांचा सशस्त्र हल्ला आहे. 'पकड'वादी लेखकाने तेथूनच प्रारंभ केला असता. ले ग्विन प्रारंभी शेळ्या आणतात. मावशीच्या तोंडून ऐकलेला मंत्र एक पोर अर्थ न कळता उच्चारतो. शेळ्या त्याच्याभोवती दाटतात आणि हटत नाहीत. शब्दाला सामर्थ्य आहे आणि अज्ञानाने वापरलेले सामर्थ्य वापरणाऱ्यालाच वेढते, हा कादंबरीचा अवघा न्याय या किरकोळ प्रसंगात प्रस्थापित होतो. म्हणूनच पुढे हाच मुलगा धुके निर्माण करून शत्रूला चकवतो आणि शक्ती सरून मूक होऊन बसतो, तेव्हा त्या पराक्रमाला अर्थ येतो.

हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्यास एवढा धीर नसतो, हा आक्षेपही टिकत नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशःच येत होती. यमूच्या घरगुती आत्मनिवेदनाने वाचक राखले. त्यासाठी हरिभाऊंना रणांगणाची गरज भासली नाही.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. 'मंजुघोषा'च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या समाजजीवनात मनोरंजक असे काही नसल्याने चमत्कारिक गोष्टी रचाव्या लागतात, अशी भूमिका मांडली होती. अद्भुत म्हणजे वास्तवाच्या कंटाळ्यावरील उतारा, हे त्यातील गृहीतक. पुढे वास्तववादी समीक्षेने तेच प्रमाण मानले आणि पलायनाचा ठपका ठेवून अद्भुताला साहित्याच्या वेशीबाहेर बसविले. साधे जगणे नीरस असते, ते ओलांडून थेट उत्पातापाशी जावे, असे सांगणारा आजचा सल्लागार नकळत त्याच गृहीतकाची री ओढतो. त्याचे ऐकून लिहिणारा लेखक आपल्याच विरोधकाची साक्ष देत असतो.

अद्भुतकथेच्या पहिल्या प्रकरणात रक्त सांडले की नाही, हा प्रश्न गौण आहे. तेथील दूध, दार, नाते आणि शब्द कोणत्या नियमाने चालतात, हे वाचकास जाणवले का, एवढेच समीक्षकाने विचारावे.