‘मोठ्या ठिकाणी न्या’ हे उत्तर नव्हे

प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र, सुसज्ज जळीत विभाग हवा, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता स्टोव्ह गेले, घरोघरी गॅस आला, भाजलेले रुग्ण राहिले कुठे? यात तथ्याचा अंश आहे. रॉकेलचा भडका उडून पदर पेटण्याचे प्रकार पूर्वीइतके दिसत नाहीत, याचे समाधान मानलेच पाहिजे. पण आग स्टोव्हपुरती कधीच नव्हती. अंघोळीच्या कढत पाण्यात पडलेले पोर, शेतात लोंबणाऱ्या विजेच्या तारेला चिकटलेला शेतकरी, एमआयडीसीत स्फोटात होरपळलेला कंत्राटी कामगार यांचा स्टोव्हशी काय संबंध? डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात आग लागली ती केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला, आणि त्यात बळी गेले ते तिथे राबणाऱ्या बायकांचे. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘सर्जन आहेत, वॉर्ड आहे, मग वेगळा विभाग कशाला?’ हा दुसरा आक्षेप. भाजणे म्हणजे कातडीची जखम, असा गैरसमज त्याच्या मुळाशी आहे. मोठे भाजणे हा साऱ्या शरीराचा आजार असतो. त्वचेचे कवच गेले की शरीरातले पाणी झपाट्याने निघून जाते, ऊब टिकत नाही आणि जंतूंना मोकळे रान मिळते. अशा रुग्णाला सर्वसाधारण वॉर्डाच्या कोपऱ्यात पडदा लावून ठेवायचे, ड्रेसिंगची तीच ट्रॉली सगळ्यांना फिरवायची, नातेवाइकांची ये-जा चालू ठेवायची, म्हणजे जंतुसंसर्गाला दार उघडून द्यायचे. आगीतून वाचलेला रुग्ण पुढे याच संसर्गाने दगावतो. खोल भाजलेली मृत त्वचा पहिल्या काही दिवसांत काढून तिथे नवी त्वचा बसवावी लागते. त्यासाठी शस्त्रक्रियागृह, रक्त, भूलतज्ज्ञ आणि शिकलेल्या परिचारिका हव्यात. फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून हवी. ती झाली नाही तर हनुवटी छातीला चिकटते, बोटे मुडपलेली राहतात, आणि जगलेला माणूस कामाला मुकतो.

मात्र सर्वांत घातक आक्षेप तिसरा आहे, कारण तो समजूतदार वाटतो. मुंबईत कस्तुरबा आहे, भायखळ्याचे मसीना आहे, ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर आहे, नागपूर-पुण्यात सोय आहे. रुग्ण तिकडे पाठवा! आता हिशेब पाहा. पन्नास किलो वजनाची बाई चाळीस टक्के भाजली, तर प्रचलित सूत्रानुसार पहिल्या चोवीस तासांत तिला सुमारे आठ लिटर सलाईन लागते. त्यातले निम्मे, म्हणजे चार लिटर, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हापासून मोजायचे नसतात. ती भाजली तेव्हापासून मोजायचे असतात. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणून शहराला, असे करता करता ते तास रस्त्यावरच सरतात. सलाईन कमी पडले की मूत्रपिंडे आधी कोलमडतात. जास्त झाले तर फुप्फुसात पाणी साठते. दर तासाला लघवी मोजून थेंब कमी-जास्त करणारे माणूस उशाशी लागते.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात पेटवून दिलेल्या तरुण प्राध्यापिकेला नागपूरला हलवण्यात आले. आठवडाभरात ती गेली. तिच्या जखमा भयंकर होत्या. जवळ उपचार मिळते तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये असताना तिच्यासाठी जिल्ह्याबाहेर धाव घ्यावी लागली, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

‘पन्नास टक्क्यांवर भाजलेला वाचतच नाही, खर्च व्यर्थ’ असेही ऐकू येते. प्रगत केंद्रांत सत्तर टक्के भाजलेले तरुण रुग्णही घरी जातात. आपल्याकडे ‘वाचत नाही’ हा निष्कर्ष सोयींच्या अभावातून निघतो आणि पुन्हा त्याच अभावाचे समर्थन करायला वापरला जातो. बाराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने जळीत विभागांसाठी ६७ सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि १९ जिल्हा रुग्णालये धरली होती. अख्ख्या देशासाठी १९!

जिल्ह्याला ऐरोलीसारखे केंद्र हवे, असे कोणी म्हणत नाही. सहा खाटांचा बंदिस्त विभाग, बदल्यांच्या फेऱ्यातून वगळलेल्या प्रशिक्षित परिचारिका, एक प्लास्टिक सर्जन आणि त्वचापेढीशी पक्की जोडणी, एवढी मागणी आहे. मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते, रक्तगट जुळावा लागत नाही आणि देह विद्रूप होत नाही. तरीही नेत्रदानाइतकी चर्चा त्याची होत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या आमदाराला गाठा आणि विचारा: आपल्या जिल्हा रुग्णालयात जळीत रुग्णांसाठी वेगळ्या खाटा किती आहेत, आणि रात्री दोन वाजता तिथे कोण असते? उत्तर लेखी मागा.