गजरी तूर

मागच्या वेळी काजूवर लिहिलं, तेव्हा एक वाक्य सहज लिहून गेले होते: पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू गोव्यात आणला तसाच तो मोझांबिकमध्येही नेला. त्यावर काही तरुण वाचकांनी विचारलं, हा मोझांबिक आपल्याला अधूनमधून ऐकू येतो तो का? उत्तर कुठून सुरू करावं ते सुचत नव्हतं. ते दादाच्या दुकानात सापडलं.

गणपतीनंतर फोंड्याला दादाकडे गेले होते. त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी डाळमिलचे भाव येतात. भाचीने वाचायला घेतलं. फटका, लेमन, गजरी. "आत्या, लेमन म्हणजे लिंबाच्या वासाची डाळ का गं?" दादा हसला. लेमन म्हणजे ब्रह्मदेशातली तूर. आणि गजरी मोझांबिकची. आपल्या वरणातली तूर आफ्रिकेतून येते, यावर तिचा विश्वासच बसेना.

खरं तर गोव्यात तरी या देशाचं आश्चर्य वाटू नये. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. पुढेही कारकून, डॉक्टर, व्यापारी म्हणून गोव्याची माणसं तिकडे जात राहिली. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हे जन्माने गोवेकर. १९८६ च्या विमान अपघातात माशेल गेले, त्याच विमानात तेही होते. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी यादवी सुरू झाली आणि ती १९९२ पर्यंत चालली.

तर तूर. उत्तरेकडच्या झांबेझिया आणि नामपुला प्रांतांत छोटे शेतकरी ती मक्याच्या जोडीने लावतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात पेरणी, जुलै-ऑगस्टपासून काढणी. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे आपली कोठारं रिकामी होतात त्याच सुमारास त्यांचा माल नाकाला बंदरातून निघतो. तिथे ती खातात, नाही असं नाही, पण आपल्यासारखं रोज वरण-भात नसतो. पिकवायची ती मुख्यतः आपल्यासाठीच.

२०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. दादाने तेव्हा डाळ पाव किलोच्या पुड्या बांधून विकली. पुढच्या वर्षी जुलैत पंतप्रधान मापुतोला गेले आणि करार झाला: भारत मोझांबिककडून पहिल्या वर्षी एक लाख टन डाळी घेईल आणि तो आकडा वाढत पाच वर्षांत दोन लाखांवर जाईल. बातमी खेड्यापाड्यांत पोचली. भाव चांगला, गिऱ्हाईक पक्कं. लोकांनी तूर लावली.

पण त्याच हंगामात इथेही सगळ्यांनी तूर लावली होती! पाऊसही बरा झाला. आपलं उत्पादन साधारण २५ लाख टनांवरून एकदम ४८ लाखांच्या आसपास गेलं. माझ्या आईचं माहेर लातूर जिल्ह्यातलं. मामा २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून चार रात्री झोपला. बारदान नाही म्हणून मोजणी बंद. हमीभाव होता ५,०५० रुपये क्विंटल आणि बाहेर व्यापारी त्याहून बराच कमी द्यायचा. मामी फोनवर रडली होती. त्यामुळे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा आमच्या घरात आनंदच झाला. मलाही.

तारीख मात्र बघा. ऑगस्ट. मोझांबिकमध्ये पीक कापून अंगणात पडलं होतं. करारातला कोटा मर्यादेबाहेर ठेवला होता, तेवढा शब्द भारताने पाळला. पण पेरा त्याहून कितीतरी जास्त होता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. भाव इतका कोसळला की अनेकांना तूर बाजारात नेण्याचा खर्चही परवडेना.

आणि तिथलं सरकार मदतीला कसं येणार? २०१३-१४ मध्ये मासेमारीची जहाजं आणि किनारा-सुरक्षेच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं काढली होती, त्यातली बरीचशी संसदेपासून लपवून. २०१६ मध्ये ते उघड झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हात आखडता घेतला आणि तिथलं चलन, मेटिकल, घसरलं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं. उत्तरेला काबो देल्गादोत प्रचंड नैसर्गिक वायू सापडलाय, त्यात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. पण २०२१ मध्ये पाल्मा गावावर अतिरेक्यांचा हल्ला झाला आणि काम अनेक वर्षं थांबलं. १९७५ पासून एकच पक्ष, फ्रेलिमो, सत्तेवर आहे. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर निकाल अमान्य करत लोक रस्त्यावर उतरले, शेकडो माणसं मेली.

२०२१ मध्ये आपली डाळ पुन्हा कमी पडू लागली, आयात खुली झाली आणि करार आणखी पाच वर्षं वाढवला. मग पारडं फिरलं. २०२३ च्या अखेरीस नाकाला बंदरात व्यापाऱ्यांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यात तुरीचा माल अडकला आणि दिल्लीला विनवणी करावी लागली. इथे डाळ दीडशेच्या पुढे होती.

भाचीने विचारलं, "मग आत्या, आपण कोणाच्या बाजूचे? मामाआजोबांच्या की त्यांच्या?" मी मामाच्या बाजूची आहे, ते लपवत नाही. पण किती माल घेणार, हे पेरणीच्या आधी सांगायला काय हरकत आहे? नोव्हेंबरमध्ये सांगा, ऑगस्टमध्ये नको. मामाचंही मागणं हेच असतं: भाव आणि आयात काय ठरायचं ते जूनच्या आत ठरवा.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांच्याकडं पण बारदान नसतंय का?" आता त्याच्या शेतात तूर फुलोऱ्याला येते आहे. आठवड्यातून एकदा तो दादाला फोन करून गजरी काय भावाने चालली आहे ते विचारतो.